एक वीत चुना

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. हवा सुरेख आहे, खोली ऐसपैस आहे, आणि गेल्या दहा वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खं काम माझ्या एकट्याच्या ताब्यात आलंय. आज मी खुशीत आहे. मुद्दाम लिहून ठेवतो, कारण रोजनिशीत माणूस बहुतेक रडगाणंच गातो.

खोली बयाबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. बयाबाई साठीच्या पुढच्या, दोन म्हशी बाळगून आहेत आणि समोरचा ठार बहिरा आहे अशा समजुतीने बोलतात. आल्या आल्या त्यांनी तांब्याभर धारोष्ण दूध पुढे केलं. मी कोरा चहा मागितला, तर त्यांनी माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं. "लई वाळलाय की पावणं," असं म्हणाल्या आणि दूध तिथंच ठेवून गेल्या. कोल्हापुरात पाहुणचार अंगावर येतो, हे पुण्यात ऐकलं होतं. खरं आहे.

खिडकीतून समोरच मशीद दिसते. कागदोपत्री ती साडेतीनशे वर्षांची, काळ्या दगडाची. प्रत्यक्षात दिसतं ते एक पांढरं गाठोडं. दरवर्षी चुना, त्यावर पुन्हा चुना, असं पिढ्यानपिढ्या चाललंय. दर्शनी भिंतीत पाच कमानी आहेत आणि त्यांच्यावर ओळीने अकरा दगडी फुलं कोरलेली आहेत. चुन्याखाली ती आता खरवसाच्या वड्यांसारखी दिसतात. ज्या कारागिराने ती कोरली तो हे बघून रडला असता.

माझं काम सोपं आहे. दगडाची झीज मोजायची, ती का होते ते सांगायचं आणि थांबवायची. पंचेचाळीस दिवस दिलेत. मी भिंत पूर्ण उघडी करणार आहे, काळी कुळकुळीत. त्या भिंतीचा फोटो आणि माझा निबंध एकदा बाहेरच्या नियतकालिकात छापून आला की मग पुण्याच्या त्या पुरातत्त्व खात्यात मला कोण पाणी पाजतं ते बघू. खात्याने हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्रही सोबत दिलंय. डॉक्टरेट असलेल्या माणसाने सकाळी नऊला एका डबीवर अंगठा दाबायचा. असो.

बाबालाल मुजावर भेटले. वय सत्तर, मशिदीची देखभाल त्यांच्या घराकडे पिढीजात. हसतमुख, पान खाणारे, कशाचीही घाई नसलेले. मला म्हणाले, "सायेब, दगडाचं काय न्हाय. तुमी चुन्याचं बघा." अज्ञानाचा नमुना म्हणून निबंधात वापरता येईल.

६ नोव्हेंबर

मशिदीच्या मागे एक हौद आहे. त्यात चुना मुरत ठेवलेला. वर पाण्याची साय, सायीवर पालापाचोळा, एक मेलेली पाल आणि कुणाची तरी चप्पल. हा चुना म्हणे पावसाळाभर मुरतो. गुऱ्हाळं सुरू झाली की पहिल्या काहिलीचा गूळ आणायचा, हिरड्याच्या पाण्यात तो कालवायचा, चुन्यात मिसळायचा आणि सगळ्या गल्लीने मिळून भिंतीला लावायचा. हिंदू-मुसलमान सगळे. शिवाय आधी प्रत्येकाने तो आपल्या हातांना कोपरापर्यंत फासायचा आणि मगच भिंतीला. का, असं विचारलं तर तात्या म्हणाला, "तसंच हाय."

तात्या हा गवंडी. आडनाव विचारलं तरी तात्याच म्हणाला. त्याचा आजा आणि पणजा याच भिंतीला चुना लावत आले, आणि हा माणूस मला, ज्याने दगडाच्या झिजेवर साडेचारशे पानं लिहिली त्याला, सांगतो की तसंच हाय.

हौद बुजवून टाकला. दुपारी दोन ट्रॉल्या मुरूम मागवला आणि उभा राहून भरून घेतला. डास झाले असते, हे एक कारण. दुसरं म्हणजे हौद राहिला असता तर माझी पाठ फिरताच यांनी पुन्हा चुना लावलाच असता. बाबालाल ओट्यावर बसून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, नवा चुना मुरायला किमान चाळीस दिवस लागतात, आणि तेवढे दिवस भिंतीपुढं काय उभं करणार? काहीच नाही, मी म्हणालो, म्हणून तर मी आलोय. त्यांना विनोद कळला नाही.

१० नोव्हेंबर

भिंत उघडी झाली! काय दगड आहे! फुलांच्या पाकळ्यांवरच्या शिरा दिसतात, इतकं बारीक काम. काही फुलांच्या पाकळ्या गेल्यात, कडा बोथट झाल्यात, तीन-चार ठिकाणी क्षारांचा लोणा धरून पापुद्रे सुटतायत. पण आहे ते अप्रतिम आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे मान्य करतो.

खरवडायला तात्याची आठ माणसं होती. काम नीट केलं त्यांनी, लाकडी पट्ट्यांनी, मी सांगितलं तसं. पण सकाळी हौद बुजायच्या आधी काढून ठेवलेला घमेलंभर चुना आणून, तो संपेपर्यंत सगळ्यांनी आधी हात रंगवले. मलाही आग्रह झाला. नाटकातलं भूत व्हायची हौस नाही, असं सांगून मी हात मागे घेतले.

खरी मजा शेवटी झाली. संध्याकाळी चारला सगळी भिंत झाली आणि मधल्या कमानीवर, सातव्या फुलाच्या वर, वीतभर चुना तसाच राहिला. तात्या परांचीवरून उतरला. माणसं हात धुवायला गेली. मी विचारलं, ते कोण काढणार? तर तेवढा ठेवायचा असतो म्हणे. जुना सगळा कधीच काढायचा नाही, नवा लागेपर्यंत एक वीत राखायची. "समदा उघडा करायचा न्हाय सायेब, कुनीतरी म्होरं पायजे की." मी दुप्पट हजेरी देतो म्हणालो. एकही पुढे आला नाही. आठ धडधाकट माणसं वीतभर पांढऱ्या डागाला घाबरून उभी होती.

मग मीच परांचीवर चढलो. पट्टी तिथं पोचेना, म्हणून नखांनी काढला. मऊ होता, साबणाच्या वडीसारखा सुटून आला. खाली बघितलं तर बाबालाल डोक्यावरची टोपी नीट करत माझ्याकडे बघत होते. त्यांना माझी कीव आली असावी असं वाटलं, आणि मला त्याचं फार हसू आलं.

१२ नोव्हेंबर

खात्याकडून हुकूम मिळवला. यापुढे माझ्या लेखी परवानगीशिवाय भिंतीला चुना, रंग, सिमेंट, काहीही लावणं हा गुन्हा. हुकमाचा फलक करून फाटकावर लावलाय, खाली माझी सही.

शिवाय एक पहारेकरी मिळाला आहे. नाव राजवर्धन, काम फाटकाशी बसणं. तालमीत कमावलेलं अंग, आणि डोकं अगदी कोरं. मला तसाच हवा होता. त्याला दोनदा समजावलं की बाबालाल आणि तात्या काहीही सांगतील, रडतील, माझा निरोप आणलाय म्हणतील, ऐकायचं नाही. फक्त माझ्या सहीचा कागद बघायचा आणि तो फलकावरच्या सहीशी जुळवून बघायचा, अक्षर न् अक्षर. माझ्या 'स'ला एक गाठ असते, ती नक्कल करणाऱ्यांना जमत नाही, तीही दाखवली. त्याने बोट फिरवून ती पाठ केली. पोरं पाढे पाठ करतात तशी.

आजपासून मोजमाप. फणीसारखं साधन असतं, बारीक काट्यांचं. ते नक्षीवर दाबलं की तिचा आकार काट्यांवर उतरतो. अकराही फुलांचे आकार घेतले. सातव्या फुलाची खालची उजवी पाकळी मुळातून तुटलेली आहे.

१६ नोव्हेंबर

अंगठ्याचं यंत्र आज मला ओळखेना. पाचदा दाबला. ओळख पटली नाही, ओळख पटली नाही, असं एक बाई शुद्ध मराठीत सांगत राहिली. खात्याला फोन केला तर कारकून म्हणाला, साहेब, चुन्यात काम करणाऱ्यांचे ठसे जातात, गवंड्यांचं नेहमीच असतं, दुसरं बोट बघा. मी गवंडी नाही, हे त्याला ठणकावून सांगितलं. दुसरं बोटही चाललं नाही. दहाही चालली नाहीत.

बोटं बघितली. गुळगुळीत आहेत, वाटाण्यासारखी. दुखत नाहीत.

त्या वीतभर चुन्यात काही तिखट क्षार असणार. मलम लावलं.

१९ नोव्हेंबर

बयाबाई सकाळी चादर झटकत ओरडत होत्या. गादीत पीठ सांडतंय कुठून म्हणे? राखाडी, बारीक, वस्त्रगाळ पीठ. उशीवर सर्वात जास्त. मी सांगितलं, दगडाची धूळ आहे, दिवसभर अंगावर बसते. त्यांनी चिमटीत घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या की दगडाला असा वास येत नाही. म्हशींच्या शेणात हात घालणारी बाई मला दगडाचा वास शिकवते.

त्यांनी ते पीठ टाकलं नाही. एका वाटीत भरून बाबालालकडे देऊन आल्या. इथे प्रत्येक गोष्टीचं काहीतरी करतात.

आज फणी पुन्हा लावली. चौथ्या फुलाची खोली आठवड्यापूर्वीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त भरली. कोरीव काम खोल होत नसतं, बोथट होतं. साधन बिघडलंय. नवीन मागवलं.

लोणाही दिसत नाही कुठं. पापुद्रे बसलेत. नुसती हवा लागल्याने इतका फरक पडतो हे निबंधात घ्यायला हवं. माझंच बरोबर होतं.

२२ नोव्हेंबर

सातव्या फुलाची पाकळी आहे.

तुटलेली होती. दहा तारखेचा फोटो आहे माझ्याकडे, तुटलेलीच आहे. आज तिथे पाकळी आहे. जोड नाही, डिंक नाही, बोट फिरवलं तर शीर लागते. म्हणजे लागली असावी. माझ्या बोटांना हल्ली फारसं कळत नाही.

कुणीतरी बसवली, दुसरं काय. तात्याला पकडून विचारलं. तो पाकळीकडे बघेचना, माझ्या उजव्या कानाकडे बघत राहिला. मग सायकल घेऊन गेला.

खोलीवर येऊन आरसा बघितला. उजव्या कानाची पाळी नाही. जखम नाही, रक्त नाही. नळाखाली ठेवलेल्या साबणासारखा तो खालून गोल झालाय, एवढंच. भुवयाही विरळ झाल्यात.

फोन चेहरा बघून उघडत होता. आता उघडत नाही. आकडे घालून उघडतो. हे सगळं एखाद्या बुरशीने होऊ शकतं. वाचलंय मी कुठंतरी.

२४ नोव्हेंबर

मैथिलीचा व्हिडिओ फोन आला. माझी बायको, पुण्याला बँकेत आहे, उगाच घाबरणारी नाही. म्हणाली, कॅमेरा पूस, धुरकट दिसतोयस. पुसला. म्हणाली अजून तसंच. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीखसुद्धा वाचता येतेय, फक्त तू पुसट आहेस.

मी हसलो आणि रुमालाने तोंड पुसलं, खसखसून.

ती म्हणाली, आता तर जास्तच.

रुमालात मूठभर पीठ होतं. मी फोन ठेवून दिला. मला भीती वाटतेय. हे लिहायला लाज वाटते, पण वाटतेय.

२५ नोव्हेंबर

शहरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलो. भिंतीवर सात पदव्या. त्याने भिंगातून बघितलं, टाचणीने टोचलं, मला काही जाणवलं नाही. विचारलं, दगडाच्या खाणीत आहात का? एक मलम दिलं, व्हिटॅमिन दिलं आणि मी उठताच हात धुतले. गाढव आहे.

बाहेर पडताना खुर्चीवर माझ्या पाठीचा आकार उमटलेला होता. पिठाचा.

२७ नोव्हेंबर

निघालो पुण्याला. काम गेलं खड्ड्यात. राजवर्धनने बॅग उचलून स्टँडवर गाडीत बसवून दिलं, सलाम ठोकला. काळजी करू नका साहेब, मुंगीला पण आत सोडत न्हाय, असं म्हणाला.

खिडकी बंद होत नव्हती. वारा. कराड येईपर्यंत शेजारच्या बाईने दोनदा पदर झटकला, मग उठून पुढे जाऊन बसली. उजव्या हाताची करंगळी अर्धी— वाऱ्यात उडताना बघितली मी. पिठाची बारीक रेघ, खिडकीतून बाहेर. तोंडाला हात लावून बघितला. नाकाचा शेंडा उरला नव्हता.

लांब गेलं की जास्त होतंय. कराडला उतरलो. पंचा घेतला, तोंडाभोवती गुंडाळला, परतीची गाडी धरली. गल्लीत मागच्या बोळाने शिरलो. कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

२८ नोव्हेंबर

बाबालालना विचारलं. मी, त्यांना.

ते हसले नाहीत. हसायला हवं होतं, मी असतो तर हसलो असतो. पंचा काढायला लावला, नीट बघितलं आणि बयाबाईंनी दिलेली ती पिठाची वाटी कोनाड्यातून काढून माझ्यापुढे ठेवली. तुमचंच आहे, जपून ठेवलंय म्हणाले.

मग सांगितलं. ऊन, वारा, पाऊस येणार आणि घासणार. "म्होरं जे असंल त्ये झिजनार, सायेब. आमी चुना म्होरं करत हुतो." जुना काढायचा तर एक वीत ठेवायचा, नवा येईपर्यंत तेवढा सगळ्याच्या वाटची झीज सोसतो. अंगाला फासायचा तो यासाठी, की खरवडणारा माणूस चुन्यातला वाटावा. दगड वाईट नाही, मशीद वाईट नाही, कुणी शाप दिलेला नाही. ऊन-वाऱ्याला कुणीतरी हवं असतं, एवढंच.

शेवटची वीत मी काढली. नखांनी. कोऱ्या हातांनी.

आमच्या शास्त्रात याला नाव आहे. आतल्याला वाचवण्यासाठी स्वतः झिजणारा थर. दरवर्षी मी तो शिकवतो. परीक्षेत चार गुणांना विचारतो.

यावर उपाय? चुना. भिंत झाकली की थांबेल. माझ्यात उरलेलं राहील.

हौद बुजवलाय.

२९ नोव्हेंबर

दुकानातून तयार रंगाची बादली आणवली. दर्शनी भिंतीवर राजवर्धनची नजर असते आणि त्याला हे तोंड दाखवायची माझी तयारी नाही, म्हणून बाबालालनी मागच्या बाजूच्या दोन दगडांवर लावून बघितला. सिमेंटचा रंग— मी, ज्याने सिमेंटवर व्याख्यानं दिली. तासाभरात पापडासारखा सुटून खाली पडला. मुरलेलाच हवा.

फोनच्या काचेला माझं बोट कळत नाही. दाबतो, काहीच होत नाही. मैथिलीचा नंबर समोर दिसतोय आणि लावता येत नाही.

३० नोव्हेंबर

तात्या आला. त्याच्या मेहुण्याकडे, आजऱ्याला, मुरलेला चुना आहे. देवळाच्या भिंतीसाठी ठेवलेला. तो देतो म्हणाला. एका शब्दावर. पंचांना विचारून टेम्पोत भरायला तीन दिवस.

मी त्याला काय काय बोललो होतो. तो म्हणाला असू द्या की. मला बरं वाटायला हवं होतं, उलट चीड आली. ही माणसं चांगली असायला नको होती.

तीन दिवस.

१ डिसेंबर

खिडकी बंद. पंखा बंद. हलायचं नाही. बयाबाई दूध चमच्याने पाजतात, दूर बघत. आज पहिल्यांदा हळू बोलल्या.

भिंत काय सुंदर दिसतेय. सगळ्या पाकळ्या. सगळ्या कडा. काल कोरल्यासारखी.

२ डिसेंबर

उजव्या हाताला अंगठा आणि एक बोट. तात्याने पेन मनगटाला सुतळीने बांधून दिलं. अक्षर असं येतंय.

बाबालालनी त्यांच्या फोनवरून खात्याला लावून दिला. हुकूम मागे घ्यायचाय म्हणालो. आवाज— घोगरा, खरखर. कारकून म्हणाला कोण बोलतंय? नाव सांगितलं. म्हणाला साहेबांचा आवाज ओळखतो मी. लेखी आणा, सहीचं. नाहीतर यंत्रावर अंगठा.

अंगठा.

३ डिसेंबर

सकाळ. टेम्पो आला. गूळ आला. गल्ली सगळी आली, पंचवीस-तीस माणसं, बाया. हातांना चुना. तात्याने माझ्या तोंडाला लावला, मानेला लावला. गार. बरं वाटलं. वाळून पडला. भिंतीला लागल्याशिवाय अंगावरचा टिकत नाही म्हणाला.

फाटकात राजवर्धन.

नाही म्हणतो. फलक दाखवतो. बाबालाल म्हणाले, बाबा रे, हेच तुझे साहेब. तो माझ्याकडे बघून हसला. साहेब पुण्याला गेल्यात, मीच बसवून दिलंय. "आनि साहेबानी सांगितलंया, तुमी असंच कायतरी सांगनार म्हनून."

ओरडलो. धूळ आली तोंडातून. म्हणाला, पावणं, बाजूला व्हा. हाताने सारलं. खांदा—

माणसं चिडली. बाबालालनी अडवलं. मशिदीच्या दारात हाणामारी नाही. राजवर्धन वाईट नाही, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. साहेबांच्या सहीचा कागद आणा, मी सोता बादली उचलतो, म्हणाला. मूर्ख! माझाच मूर्ख, मीच शिकवलेला.

सही केली. कागदावर. त्याने फलकाशी धरली. बोट फिरवलं, अक्षर न् अक्षर.

'स'ला गाठ न्हाय, म्हणाला.

दुपार

तात्याने पुन्हा पेन बांधलं. घट्ट. मनगट कमी झालंय, सुतळी सरकते. बाबालाल वहीवर पाठ करून बसलेत, वारा लागू नये म्हणून. आधी इथं गिरवतो. मग कागदावर. एकच जमायला हवी.

दत्तप्रसाद सबनीस

गाठ नाही आली.

दत्तप्रसाद सबनीस

नाही. पुन्हा.

दत्तप्रसाद सबनी

सुतळी— तात्या, सुतळी धर—

दत्तप्रसाद स

ही आली. गाठ आली जवळजवळ. अशीच कागदावर— कागद दे—

दत्तप्र

दत्त

द—